बरोक चेलो: गोव्यातून सुरुवात करून वादक आणि शिक्षक व्हायचं असेल तर?

फर्मागुडीकर

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. वय १८, एबीआरएसएमची (ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळ) चेलोची आठवी ग्रेड झाली आहे, वाद्य साधं आधुनिक चेलो, तारा स्टीलच्या. तिला बरोक चेलोत (साधारण १६०० ते १७५० चं युरोपीय संगीत, त्या काळच्या पद्धतीच्या तारा आणि गज वापरून) पुढे जायचं आहे आणि शेवटी गोव्यात परत येऊन शिकवायचं आहे. प्रश्न असे. यात पोट भरेल असं काम नेमकं कुठलं असतं? वेगळं वाद्य आताच घ्यावं का? शिक्षण कुठे? आणि बरोक चेलोला लागणाऱ्या प्राण्याच्या आतड्याच्या तारा आपल्या पावसाळ्यात टिकतात का? ‘मनापासून केलं की सगळं होतं’ असली उत्तरं नकोत, प्रत्यक्षात उपयोगी पडेल ते सांगा.

---

खर्ज_मडगाव

दादा, आधी कामाचं बोलू, कारण इथेच बहुतेकांचा समज चुकतो. बरोक चेलो म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर बाखचे एकट्या चेलोसाठीचे सहा स्वीट्स येतात. ते वाजवायचेच. पण एकट्या स्वीट्सवर कोणाचं घर चालत नाही. घर चालतं कंटिन्युओवर, म्हणजे हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं कीबोर्ड वाद्य) किंवा ऑर्गनच्या डाव्या हाताबरोबर खर्जाची ओळ धरण्यावर. त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक सोनाटात, कंटाटात, ऑपेरात ही ओळ असते, आणि ती वाजवणाऱ्यालाच पुढच्या कामाला बोलावतात.

नेदरलँड्समध्ये ईस्टरच्या आधीचे काही आठवडे गावोगावी बाखचं सेंट मॅथ्यू पॅशन होतं. ही रचना दोन वाद्यवृंदांसाठी आहे, म्हणजे कंटिन्युओचे गटही दोन आणि चेलोवालेही जास्त. नाताळच्या सुमारास मेसाया आणि ख्रिसमस ऑरेटोरिओ. काम असं हंगामी असतं आणि कायमच्या नोकऱ्या अगदी थोड्या. म्हणून जवळजवळ प्रत्येक जण सोबत शिकवतो. शिकवणं ही या धंद्यात दुसरी पसंती नाही, तो अर्धा धंदाच आहे.

पॅशनमध्ये आणखी एक खुबी आहे. दुसऱ्या भागातल्या बास गायकाच्या एका आरियात व्हिओला द गांबाचं एकट्याचं काम आहे. सेंट जॉन पॅशनमध्येही तसंच. म्हणून बरेच बरोक चेलोवादक गांबाही शिकून ठेवतात. ६ किंवा ७ तारा, पडदे बांधलेले, गज तळहात वर करून धरायचा. हात वेगळा बसतो, पण कामं वाढतात.

कारकीर्द कशी घडते ते पाहायचं तर आन्नर बिल्स्मा बघा. जन्म हेगचा, १९३४. १९५९ मध्ये मेक्सिकोतली कासाल्स स्पर्धा जिंकली, १९६२ ते १९६८ आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर. रेकॉर्डरवादक ब्र्यूगन आणि हार्पसिकॉर्डवादक लेओनहार्ट यांच्याबरोबर जुन्या संगीतात नाव झालं, आणि हेग व आम्स्टरडॅमला शिकवलं. हार्नोनकूर्ट यांनीही १९५२ ते १९६९ व्हिएन्ना सिंफनीत चेलोची नोकरी केली आणि ती चालू असतानाच १९५३ मध्ये स्वतःचा जुन्या वाद्यांचा गट उभा केला. दोघांचाही आधुनिक चेलोवरचा हात आधी पक्का होता. तेव्हा भाचीने आधुनिक वाद्य आजच सोडू नये.

शिक्षणासाठी हेगची रॉयल कन्झर्व्हेटरी आणि बाझेलची स्कोला कांतोरुम (स्थापना १९३३) ही दोन ठिकाणं आधी पाहावीत. बरोक चेलोत थेट बॅचलरला प्रवेश मिळू शकतो. पण आधुनिक चेलोवर पदवी आणि मग बरोकमध्ये २ वर्षांची मास्टर्स, ही वाट मला जास्त सुरक्षित वाटते, कारण परत आल्यावर गोव्यात शिकवायचं ते मुख्यतः आधुनिक चेलोच. बाझेलला जायचं तर जर्मन हवं. प्रवेशाच्या अटी त्या त्या वर्षाच्या पत्रकात वाचाव्यात, दोन वर्षांपूर्वीच्या कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये.

---

घोडी_आणि_खुंटी (डिचोली)

वाद्याचं मी सांगतो.

वेगळं बरोक चेलो आता अजिबात घेऊ नका. आधी गज घ्या. बरोक गज सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेला असतो, केसांचा पट्टा अरुंद, टोक हलकं. त्यामुळे स्वर सुरू होताना हळू उमलतो आणि टोकाकडे आपोआप विरतो. आधुनिक गज मूठ ते टोक एकसारखा आवाज द्यावा म्हणून घडवलेला. बरोक वळण हाताला लावणारी वस्तू म्हणजे हा गज, चेलो नव्हे. स्नेकवूडचा गज घट्ट लाकडाचा असतो, दमट हवेत कमी वाकतो. परवडत नसेल तर कार्बन फायबरचेही बरोक गज मिळतात, शिकायला ते पुरे. जुना गज घेताना टोकाला हस्तिदंत असेल तर सोडून द्या, विमानतळावर कागदपत्रांचा घोळ होतो.

मग तारा. वरच्या दोन, ए आणि डी, साध्या आतड्याच्या. जी साधी किंवा तार गुंडाळलेली, सी गुंडाळलेलीच घ्यावी. गुंडाळलेल्या तारांची युक्ती साधारण १६६० च्या दशकात बोलोन्यात निघाली. त्याआधी खालच्या सुरासाठी फार जाड दोर लागायचा किंवा वाद्यच मोठं करावं लागायचं. चेलो आजच्या मापाला आलं त्यात या तारेचा मोठा वाटा आहे, आणि एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सुरुवातीच्या रचना (दोमेनिको गाब्रिएल्लीचे १६८९ चे रिचेर्कार) बोलोन्याच्याच माणसाच्या आहेत हा काही योगायोग नाही.

जाडी: तारेची लांबी ६९ सेंटिमीटर धरली तर ए साठी १.२ मिलिमीटरच्या आसपास आणि डी साठी १.६ च्या आसपास. ए वर ताण साधारण १२ किलो येतो. हे गणित ४१५ हर्ट्झच्या पट्टीचं (बरोकवाले ए ४१५ ला लावतात, आजची पट्टी ४४० ची). तीच तार ४४० ला चढवली तर ताण १२ टक्के वाढतो, आवाज चिमटल्यासारखा होतो आणि तार लवकर जाते. शाळेत ४४० आणि घरी ४१५ असं रोज वरखाली करू नका. एका वाद्यावर एकच पट्टी. म्हणूनच जमलं तर दुसरं एखादं स्वस्त चेलो फक्त आतड्याच्या तारांसाठी ठेवावं. त्याच्या मानेचा कोन, आतला बासबार (आधाराची लाकडी पट्टी) काहीही बदलायची गरज नाही.

चढवताना हमखास चुका होतात त्या अशा. स्टीलच्या तारेची खाच आतड्याच्या तारेला अरुंद पडते. घोडीवर आणि वरच्या नटावर खाच रुंद करून गोल घासायची आणि पेन्सिलीचं शिसं चोळायचं. नाहीतर तार तिथेच चिरते. शेपटीकडचे बारीक ट्यूनर काढून टाका, त्यांची धार आतडं कापते. चारही तारा एकदम उतरवायच्या नाहीत, ताण गेला की आतला साउंडपोस्ट (आतली उभी लाकडी कांडी) पडतो. एक उतरवा, तिच्या जागी दुसरी चढवा, मग पुढची. नवी तार ३-४ दिवस सुरात थांबतच नाही, ते तिचं स्थिरावणं असतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नवी ए चढवणं हा शुद्ध वेडेपणा.

तारेला बारीक केस सुटले तर ओढायचे नाहीत, नखं कापायच्या कटरने मुळाशी कापायचे. कोरड्या, वार्निश नसलेल्या तारेला महिन्यातून एकदा बदामाच्या तेलाचा एक थेंब बोटाने. गज फिरतो तो भाग सोडून.

आणि खालचा लोखंडी दांडा आत ढकलून वाद्य पोटऱ्यांमध्ये धरायचं. सुरुवातीला मांड्या दुखतात, कारण मुलं गुडघ्यांनी आवळतात. आवळायचं नसतं. पावलं थोडी आत वळवली की वाद्य पोटऱ्यांच्या उतारावर आपसूक बसतं. खुर्ची नेहमीपेक्षा थोडी कमी उंच लागते.

---

म्हापसा_४०३५०७

एवढा खटाटोप कशाला? जून ते सप्टेंबर गोव्यात आतड्याची तार म्हणजे दर तासाला सूर लावत बसणं. सिंथेटिक गाभ्याच्या तारा लावा, बरोक गज वापरा, झालं.

---

घोडी_आणि_खुंटी (डिचोली)

म्हापसेकर, लहान मुलांच्या वर्गासाठी तुमचं बरोबरच आहे. पाव किंवा अर्ध्या मापाच्या चेलोवर आतड्याची तार लावण्यात काही अर्थ नाही. पण हिला प्रवेशाच्या परीक्षेला बसायचं आहे. सिंथेटिक तार गजाखाली सरकते, आतड्याची तार गजाला पकडते. ती पकड उजव्या हाताला कळली नाही तर तिथे गेल्यावर पहिले सहा महिने फुकट जातात.

पावसाळ्याचं खरं दुखणं वेगळंच आहे. आतड्याला ओलावा लागला की तार फुगते. सूर वर जाईल की खाली हे तार, लाकूड आणि तापमान तिन्ही मिळून ठरवतात, पण जागेवर राहत नाही हे नक्की. यावर उपाय म्हणजे हवा स्थिर ठेवणं. फार कोरडी करणं नव्हे. खोलीत एक हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजणारं यंत्र) टांगा आणि ४५ ते ६० टक्क्यांत ठेवायला बघा. एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर, दोन्ही चालतं. चूक होते ती इथे: दोन तास एसीत सराव, मग वाद्य ओल्या बाल्कनीलगतच्या खोलीत. ही ये-जा तारांना सततच्या दमटपणापेक्षा जास्त मारते.

खुंट्या पावसाळ्यात फुगून घट्ट बसतात आणि एसीत सैल पडतात. घट्ट झाली तर पक्कड लावू नका. सैल करून बाहेर काढा, खुंटीची पेस्ट लावा, परत बसवा. शिवणींवरचा सरस प्राण्याच्या कातड्या-हाडांचा, तो उष्णता आणि ओल मिळून मऊ होतो आणि कड उघडते. बोटाच्या पेराने कडेभोवती टकटक करत जा, उघडलेल्या जागी आवाज पोकळ आणि खरखरीत येतो. फेव्हिकॉल भरून घरीच चिकटवू नका, पुढच्या वेळी शिवण उघडताना लाकूडच सोलून निघतं. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दर पंधरवड्याला ती बदला किंवा सुकवा. पेटीच्या आतल्या मखमलीला बुरशी आली तर तो वास वाद्यात बसतो, जात नाही.

गजाचे केस दमट हवेत लांबतात. जुलैत स्क्रू शेवटपर्यंत फिरवला तरी गज ताणला जात नाही, अशी तक्रार होते. तेव्हा केस थोडे आखूड बसवून घेतले जातात. मग तोच गज कोरड्या हवेत गेला की केस आक्रसतात, गज सैल करता येत नाही आणि टोक फुटायची भीती. दोन गज असतील तर एक पावसाळ्याचा ठेवा. राळ आपल्या हवेत जरा कडक जातीची, मऊ काळी राळ चिकटून लगदा होते.

---

फर्मागुडीकर

देव बरें करूं! दोन शंका. ४१५ म्हणजे आपल्या पेटीवर (हार्मोनियमवर) नेमकं काय? आणि घरी हार्पसिकॉर्ड नाही, मग कंटिन्युओचा सराव करायचा कसा?

---

पांढरी_सहा

आजच्या पट्टीत पांढरी सहा म्हणजे ४४० चा ए. ४१५ म्हणजे अर्धा स्वर खाली, जवळजवळ बरोबर काळी चार. म्हणजे बरोकवाले ज्याला ए म्हणतात तो तुमच्या पेटीवरच्या काळी चारला मिळतो. फ्रेंच संगीतासाठी ३९२ ही वापरतात, तो पांढरी पाचचा सूर.

डिजिटल कीबोर्ड चालेल. त्यात ट्रान्सपोज उणे एक करा, आवाज हार्पसिकॉर्डचा निवडा. टेम्परामेंट (स्वरांमधली अंतरं वाटायची पद्धत) बदलायची सोय असेल तर वालोत्ती किंवा वेर्कमाइस्टर निवडा. आता इथे एक सापळा आहे, त्यात तानपुऱ्यावर कान तयार झालेली मुलं हमखास अडकतात. त्यांचा कान शुद्ध पंचमाचा. ए घेऊन खाली डी, जी, सी असे तीन शुद्ध पंचम लावत गेलं तर सी कीबोर्डच्या सी पेक्षा खाली जातो. वालोत्तीत हे तिन्ही पंचम शुद्धापेक्षा सुमारे ४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) अरुंद असतात, म्हणजे सी पर्यंत येईतो फरक जवळजवळ १२ सेंटचा होतो. अर्ध्या स्वराच्या दशांशाहून जास्त. खर्जात तो चांगलाच खटकतो. उपाय एकच: चारही तारा कीबोर्डकडून घ्यायच्या. स्वतः पंचम लावायचे नाहीत. कान ‘हे बेसूर आहे’ म्हणत राहील काही दिवस, म्हणू द्या.

---

खर्ज_मडगाव

सरावाचं. कोरेल्लीचं ओपस ५ घ्या, व्हायोलिन सोनाटांचं, रोम १७००. खालच्या ओळीवर आकडे छापलेले असतात. चेलोवाल्याला ते वाजवायचे नसतात, पण वाचता आलेच पाहिजेत. आकडा नसेल तर वर तिसरा आणि पाचवा स्वर. ‘६’ असेल तर तिसरा आणि सहावा. ‘४ ३’ दिसलं की चारवर घर्षण आहे, तिथे गज टेकायचा, आणि तीनवर सोडायचा. एवढं जरी केलं तरी ओळ बोलायला लागते. भाचीने आधी वरची ओळ गात खालची वाजवावी, मग आकड्यांचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) कीबोर्डवर डाव्या-उजव्या हाताने स्वतः दाबून पाहावेत. चेलोवालीला थोडा कीबोर्ड येणं हा चैनीचा भाग नाही.

रेसिटेटिव्हमध्ये (बोलल्यासारखं गायचा भाग) पानावर लांब स्वर दिसतात, पण त्या काळी ते बरेचदा आखूड वाजवून सोडायचे. गायकाचे शब्द समोर उघडे ठेवा, ताल नाही. वाक्य कुठे संपतं ते कळल्याशिवाय शेवटचे दोन स्वर टाकता येत नाहीत, म्हणून इटालियन आणि जर्मन उच्चार शिकावेच लागतात.

पुस्तक म्हणाल तर मिशेल कोरेतचं १७४१ चं चेलो शिकवणारं पुस्तक. त्यात गज धरण्याचे तीन प्रकार दिलेत. एकच ‘खरा’ प्रकार नव्हता, हे त्यावरून कळावं. मुठीपासून थोडं वर धरून बघा, गज लगेच हलका होतो. रचना: विवाल्दीच्या सहा सोनाटा, पॅरिसला १७४० च्या सुमारास छापलेल्या, त्यातली ई मायनर आणि बी फ्लॅट आधी. मग गाब्रिएल्ली. बाखचा पहिला, दुसरा, तिसरा स्वीट. पाचव्यात ए तार उतरवून जी करायची असते आणि सहावा पाच तारांच्या वाद्यासाठी आहे, तेव्हा ते मागाहून. बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. त्याची पत्नी आन्ना माग्दालेना हिच्या प्रतीत गजाच्या खुणा कुठून कुठे हे स्पष्ट नाही, त्यामुळे छापील आवृत्तीतल्या खुणा म्हणजे संपादकाचं मत. प्रवेशाच्या मुलाखतीत ‘इथे असं का वाजवलंस’ विचारलं की ‘पुस्तकात होतं’ हे उत्तर चालत नाही.

आता परत येऊन शिकवण्याबद्दल. गोव्यात जमीन तयार आहे. चर्चच्या शाळांत सोल्फेजोची (स्वरांची नावं घेत गाण्याची) परंपरा आहे, व्हायोलिनवाले गावोगावी आहेत, पणजीत कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, जुन्या गोव्यात माऊंटच्या कपेलात मोंते महोत्सव होतो. व्हायोलिनं पुष्कळ. खालची ओळ धरणारे कमी. म्हणून तिने व्हायोलिनच्या वर्गाला जोडूनच चेलोचा वर्ग काढावा.

पहिल्या वर्षाच्या मुलांना पाखेलबेलच्या कॅननची खर्जाची ओळ द्या. आठ स्वर, २८ वेळा तेच. वर व्हायोलिनं काहीही करोत, खाली हललं नाही पाहिजे. मुलं पाचव्या फेरीत कंटाळतात आणि वेग वाढवतात, दहाव्या फेरीला वर ऐकायला लागतात. मग फोलिया, तीही पुन्हा पुन्हा येणाऱ्या खर्जावरची जुनी रचना. पहिल्या तालाला गज खाली ओढायचा हा नियम इथेच अंगात मुरतो, वेगळा शिकवावा लागत नाही. व्हिब्रॅटो (बोट हलवून स्वर थरथरवणं) पहिली दोन वर्षं शिकवूच नये, असं माझं मत. बरोकमध्ये तो दागिना आहे, आणि लवकर शिकलेला व्हिब्रॅटो सुराची चूक लपवतो. यावर भांडायला पुष्कळ लोक येतील, येऊ देत.

पालकांना परीक्षा हव्या असतात. एबीआरएसएम आणि ट्रिनिटी दोन्हींच्या यादीत बरोक रचना असतात, त्या निवडाव्यात म्हणजे दोन्ही साधतं. फी महिन्याला ठरवा, तासाला नको. गोव्यात फेस्त, लग्नं, चतुर्थी धरून वर्षातून बरेच आठवडे बुडतात.

---

म्हापसा_४०३५०७

व्हिब्रॅटोवर भांडायला आलो होतो, पण राहू दे. एकच विचारतो, चेलो विमानातून नेताना?

---

घोडी_आणि_खुंटी (डिचोली)

चेलोसाठी वेगळी सीट विकत घ्यावी हे बरं, आणि ती तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवून. सामानात टाकायचंच असेल तर खास जाड फ्लाइट केस लागते, साधी कडक पेटी पुरत नाही. तारा पूर्ण उतरवू नका, साधारण एक-दोन स्वर सैल करा. घोडीच्या दोन्ही बाजूंना, शेपटीच्या खाली मऊ कापड भरा, म्हणजे घोडी पडली तरी वरच्या लाकडाला लागत नाही.

आणि खरा धोका पोचल्यावर आहे. गोव्यातल्या ७०-८० टक्क्यांची सवय असलेलं लाकूड युरोपातल्या हीटर लावलेल्या खोलीत हिवाळ्यात ३० टक्क्यांवर येतं. तडा तेव्हाच जातो. कोर्स सप्टेंबरात सुरू होतो हे त्या दृष्टीने बरं, हवा हळूहळू कोरडी होत जाते. हायग्रोमीटर इथूनच घेऊन जा. ४० च्या खाली उतरला की पेटीत ओलावा देणारी नळी ठेवायची, सिलिका जेल मात्र काढून टाकायचं. ते आत राहून गेलं तर नळीचा काहीच उपयोग नाही. पहिले दोन आठवडे रोज सकाळी खुंट्या आत दाबून बघायच्या. लाकूड आक्रसून रात्रीतून त्या सुटतात, चारही तारा एकदम सैल पडतात, घोडी आडवी होते आणि मागोमाग साउंडपोस्ट. तसं झालंच तर तारा ताणू नका, वाद्य आडवं ठेवा आणि लुथियरकडे (तंतुवाद्यं बनवणारा-दुरुस्त करणारा) न्या.